तुडतुड्यासाठी लेन्स

आषाढ लागला की ऋषिकेश तितरमारेच्या स्टुडिओचं शटर अर्ध्यावर येतं. दिघोरीत, उमरेड रोडला लागून त्याची छोटीशी खोली आहे. आत एक निळा पडदा, एक स्टूल, दोन पांढऱ्या छत्र्या आणि भिंतीभर नवऱ्या. तुळशीचं लग्न लागेपर्यंत माणसांची लग्नं बंद, म्हणजे ऋषिकेशचं कामही बंद. पासपोर्ट फोटो आणि शाळेची ओळखपत्रं यांच्यावर पावसाळा काढायचा आणि उरलेल्या वेळात कॅमेरा पुसत बसायचा. त्याची बायको काजल म्हणते, एवढा घासला तर एक दिवस त्यातून जिन निघन आणि विचारन, बोला, कोनाचं लगन आहे.

यंदा मात्र पोळ्याच्या आधीच एक काम चालत आलं. धान उत्पादकांच्या एका संस्थेचं नागपुरात ऑफिस आहे. तिथल्या मेघा मॅडमच्या बहिणीचं लग्न ऋषिकेशने काढलं होतं. त्यात मेंदीचे फोटो इतके जवळून आणि इतके नेटके आले होते की मॅडमच्या ते लक्षात राहिलं. संस्थेला गावोगावच्या सोसायट्यांत आणि कृषी केंद्रांत लावायला धानावरच्या किडींचा तक्ता छापायचा होता. इंटरनेटवरून उचललेली परदेशी किड्यांची चित्रं त्यांना नको होती. आपल्या बांधीतली, म्हणजे खाचरातली कीड, आपल्या धानावर बसलेली, असं हवं होतं. आणि खाली लिहिलं जाणार होतं, छायाचित्रे : ऋषिकेश तितरमारे.

या शेवटच्या ओळीने ऋषिकेशला धरलं. इतकी वर्षं तो लग्नं काढतो आहे. अल्बम उघडला की लोक नवरीचे दागिने बघतात, विहिणीचं तोंड बघतात, कोण आलं आणि कोण जेवून न भेटता गेलं ते बघतात. फोटो कुणी काढला हे कधी कुणी विचारलेलं त्याला आठवत नव्हतं. तक्ता भिंतीवर राहतो. माणूस त्याच्यासमोर उभा राहून वाचतो, वरपासून खालपर्यंत. त्याने त्याच दिवशी होकार दिला आणि मॅडमला सांगितलं, हलकं, लवकर येणारं धान कापणीला यायच्या आत सगळे फोटो तुमच्या टेबलावर. कापणी झाली की कीडही गेली, मग वर्षभर थांबावं लागलं असतं. तेवढं थांबायला संस्था तयार नव्हती. तोपर्यंत नाही जमलं तर इंटरनेटवरचेच लावू, असं मॅडमने गोड आवाजात सांगून ठेवलं होतं.

कुहीजवळ त्याच्या वडिलांची, शालिकरामची, धानाची बांधी आहे. मोटरसायकलने सकाळी निघायचं आणि ऊन चढेपर्यंत फोटो काढायचे. खोडकिड्याचा पतंग मिळाला, गादमाशीने केलेली पोकळ पोंगळी मिळाली, पाने गुंडाळणारी अळी तर इतकी शांत बसली की लग्नातल्या पाहुण्यांनी तिच्याकडून शिकावं. राहिला फक्त तपकिरी तुडतुडा. आणि मॅडमला सगळ्यात जास्त हवा होता तोच.

तुडतुडा तिळाएवढा. तो पानावर दिसत नाही. धानाच्या बुडाशी, पाण्याच्या जरा वर, खोडाला चिकटून रस शोषत बसतो. धुऱ्यावर, म्हणजे बांधावर उभं राहून बघणाऱ्याला वर सगळं हिरवंगार दिसतं आणि एक दिवस बांधीत मधोमध गोल चट्टा करपून उभा राहतो. तेव्हा फवारणीचा उपयोग नसतो.

पहिल्यांदा ऋषिकेश लग्नातलीच लेन्स घेऊन गेला. नवरा-नवरीचे चेहरे काढायची ती पंच्याऐंशी मिलिमीटरची लेन्स, तिच्यावर त्याचा फार जीव. पण ती दोन हातांच्या आत यायला तयारच नव्हती. आणखी जवळ गेलं की सगळं दुधासारखं धूसर. दोन हातांवरून काढलेल्या फोटोत तुडतुडा म्हणजे खोडावर पडलेला चहापत्तीचा कण. मॅडमने तो फोटो बघून विचारलं, यात कीड कुठे आहे?

मग तो सीताबर्डीला गेला. व्हेरायटी चौकाजवळच्या गल्लीत ओमप्रकाशजींचं कॅमेऱ्याचं दुकान आहे. ऋषिकेशचं सगळं सामान तिथूनच आलेलं. ओमप्रकाशजी गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतात आणि भाव करायची वेळ आली की मराठीत येतात. त्यांनी काचेवर दोन मॅक्रो लेन्सा ठेवल्या, एक साठची आणि एक शंभरची. वस्तू जेवढी असेल तेवढीच ती कॅमेऱ्याच्या आतल्या सेन्सरवर उमटते, ती मॅक्रो, असं त्यांनी समजावलं. साठची असो की शंभरची, दोन्हींत किडा तेवढाच मोठा येणार. ऋषिकेशने दोन्ही हातांत तोलून बघितल्या. शंभरची जड होती.

तो लग्नवाल्याच्या डोक्याने विचार करत होता. लग्नात लांबची लेन्स कशाला लागते? मंडपाच्या मागच्या टोकाला उभं राहून स्टेजवरचं काढायला. इथे तर किडा हाताखाली. जवळच्या कामाला जवळची लेन्स. ओमप्रकाशजी लेन्सच्या तोंडापासून किड्यापर्यंतच्या अंतराबद्दल काही तरी सांगत होते, पण तोपर्यंत ऋषिकेशने साठची डब्यात भरायला लावली होती. नाही जमली तर बदलून देईन, खरचटून मात्र आणू नको, एवढं त्यांनी दुकानाच्या पायरीवरून ओरडून सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बांधीत त्याला ते अंतर म्हणजे काय ते कळलं. तुडतुडा पूर्ण मोठा यायचा तर लेन्सचं तोंड त्याच्यापासून जेमतेम चार बोटांवर न्यावं लागत होतं. एवढ्या जवळ गेलं की लेन्सचीच सावली खोडावर पडायची आणि सगळं काळं व्हायचं. सावली टाळून तो तिरका वाकला तर तुडतुडा हलायचा. उडायचा नाही, उडाला असता तर बरं. तो खेकड्यासारखा आडवा सरकत खोडाच्या मागे जायचा आणि तिथे निवांत बसायचा. ऋषिकेश चिखलातून पाय उपटून दुसऱ्या बाजूला गेला की तो या बाजूला. रुसलेल्या जावयासारखं, ज्या बाजूने जावं त्या बाजूला पाठ.

शालिकराम धुऱ्यावर बसून तंबाखू मळत बघत होता.

"काहून गा, तो त्या अंगाले गेला का?"

"तिकडेच गेला ना बाबा."

"मंग तू काहून इकडे बसून राहिला?"

ऋषिकेशने चिखलातून पुन्हा पाय उपटला. घाम डोळ्यात उतरत होता आणि हात पुसायला एकही कोरडी जागा उरली नव्हती. घोट्यापर्यंतचा चिखल त्याने गुडघ्यापर्यंत आणला, कॅमेऱ्याचा पट्टा पाण्यात भिजला, आणि ऊन चढेपर्यंत हाती आले ते खोडांचे फोटो. उत्तम, धारदार, रिकामी खोडं. शेजारच्या बांधीतली कौशल्याकाकू निंदणाच्या बाया घेऊन धुऱ्यावरून चालली होती. तितरमाऱ्याचा पोरगा आता तितर सोडून किडे मारून राहिला का, असं तिने विचारलं. शालिकरामने सांगितलं, मारून नाही, फोटो काढून राहिला. त्यावर बाया बराच वेळ हसत होत्या.

ओमप्रकाशजींनी लेन्स बदलून दिली. उपकार केल्यासारखी नाही, पण आधीच सांगितलं होतं, हे मात्र त्यांनी चार वेळा सांगितलं. शंभरच्या लेन्सने किडा तेवढाच मोठा येतो, पण ती वीतभराला थोडं कमी, एवढ्या अंतरावर थांबते. तेवढ्यात फरक पडला. तुडतुडा जागेवर राहू लागला. पण आता दुसऱ्याच गोष्टी बिघडू लागल्या. इतकं मोठं करून बघितलं की वाऱ्याची बारीकशी झुळूकही वादळ वाटते, धान डोलतं आणि किडा चौकटीतून निघून जातो. तिपाई लावली तर तिचे पाय चिखलात एकेक करून खचतात, आणि कॅमेरा नमस्कार केल्यासारखा पुढे झुकतो. ती त्याने काढून टाकली आणि कोपर गुडघ्यावर टेकून काढू लागला.

आणि मग त्याची जुनी सवय आडवी आली. लग्नात तो लेन्स नेहमी पूर्ण उघडी ठेवतो, म्हणजे नवरी तेवढी स्पष्ट येते आणि तिच्यामागचा आचारी, कांद्याचं पोतं, घाम पुसणारा बँडवाला, सगळे धुक्यात जातात. हाताला तेच वळण. तुडतुड्याचे फोटोही त्याने तसेच काढले आणि घरी मोठ्या पडद्यावर बघितले तर एक डोळा स्पष्ट, बाकी सगळा तुडतुडा धुक्यात. एका फोटोत फक्त पाय स्पष्ट. काजल मागे उभी होती. ती म्हणाली, याची पत्रिका जुळली तर चेहरा नंतर दाखवाल का?

त्याने लॅपटॉप जोरात मिटला. त्या दिवशी काजलने त्याला चहा विचारला नाही.

पुढचे आठ-दहा दिवस तो लेन्स बारीक करून बघत होता. लेन्सचं तोंड बारीक केलं की किडा डोक्यापासून शेपटापर्यंत स्पष्ट येतो, पण मग उजेड पुरत नाही. उजेडासाठी फ्लॅश लावला तर तुडतुड्याची पाठ तेलकट चमकते. शेवटी दह्याच्या पांढऱ्या डब्याचं बूड कापून त्याने ते फ्लॅशच्या तोंडावर चढवलं आणि उजेड मऊ केला. बांधीत जाता-येता कौशल्याकाकू रोज विचारायची, झालं का गा लगन? तो रोज मान हलवायचा, नाही.

आणि एका सकाळी वारा पडला होता, पाणी स्थिर होतं, आणि तुडतुडा याच बाजूला बसला होता. ऋषिकेशने श्वास धरला. बटण दाबलं आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर फोटो मोठा करून बघितला. गव्हाळी पंख, पंखांवरच्या शिरा, पायावरचे काटे, आणि डोळा. बाजूने फुगलेला, लालसर, त्यात दह्याच्या डब्याचा पांढरा ठिपका. एवढ्याशा जिवात एवढं काम केलेलं असतं हे त्याने याआधी कधी बघितलं नव्हतं. आयुष्यात काढलेला हा आपला सगळ्यात चांगला फोटो, हे त्याला तिथेच, चिखलात उकिडवं बसल्या बसल्या कळलं.

मेघा मॅडम खूष झाल्या. त्यांनी तोच फोटो तक्त्याच्या मधोमध घेतला, सुपाएवढा. नमुन्याचा एक फ्लेक्स छापून घेतला आणि ऋषिकेशकडे दिला, वडिलांना दाखवा, गावात काय म्हणतात ते कळवा. खाली नाव होतं. ठळक.

ऋषिकेशने तो फ्लेक्स बांधीच्या धुऱ्यावर, बाभळीच्या खोडाला टेकवून उभा केला. शालिकरामने हात मागे बांधून बघितला. कौशल्याकाकू पण आली. दोघं फोटोसमोरून हलेनात, आणि ऋषिकेशला वाटलं, फोटोच तसा आहे.

"हे काय होय?" काकूने विचारलं.

"तुडतुडा."

"टोळ वाटते मले तं."

"टोळ नाई काकू, तुडतुडा. लिहिलं आहे ना वर."

शालिकरामने जवळ जाऊन बोटाने त्या डोळ्यावर टिचकी मारून बघितली. मग मान हलवली. "असा नाई येत आपल्या बांधीत. हे तिकडे गोंदियाकडे असन."

"बाबा, इथेच काढला मी हा. याच बांधीत, तुमी जिथे उभे आहा त्याच्या समोर."

"इथं होता?"

"इथंच."

"अन् तू याचा फोटो काढून राहिला? मारला काहून नाई मंग?"

ऋषिकेश फ्लेक्सकडे आणि बापाच्या पायांकडे बघू लागला. एवढे दिवस ज्या किड्यासाठी गुडघे सोलून घेतले, तो किडा त्याच्या बापाच्या पायापासून चार हातांवर बसला होता, एक नाही, शेकड्याने, आणि त्याचा बाप त्याच किड्याचा सुपाएवढा फोटो बघून सांगत होता की हा आपल्याकडे नसतो. त्याने रागाने फ्लेक्स गुंडाळला. तिळाएवढा असतो, मोठा करून दाखवला आहे, एवढं साधं समजत नाही का, असं तो म्हणाला, आणि जरा जास्तच चढ्या आवाजात म्हणाला. काकू दोन पावलं मागे सरली. शालिकरामने फक्त विचारलं, तिळाएवढा असन तर तिळाएवढाच काहून नाई दाखवला?

घरी येईपर्यंत मोटरसायकलवर तो स्वतःशीच भांडत होता. वरून बघणाऱ्याला कीड दिसत नाही म्हणून तर तक्ता. पण तक्त्यात कीडच कीड होती. बांधी नव्हती, पाणी नव्हतं, बूड नव्हतं. कुठे वाकायचं ते कुठेच नव्हतं. शंभरच्या लेन्सने सगळं बाहेर काढून टाकलं होतं, आणि तिने ते काढावं म्हणूनच तर त्याने ती घेतली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा सीताबर्डीत उभा होता. किड्याच्या अगदी जवळ जाईल, पण भोवतालची बांधीही दाखवेल, अशी लेन्स त्याने मागितली.

ओमप्रकाशजींनी हातातला कपडा काउंटरवर टाकला. "देखो ऋषिभाई, पहले तुम बोले पास का चाहिए. फिर बोले दूर से पास का चाहिए. अब बोल रहे हो पास से दूर का. मैं दुकान चला रहा हूँ के तुम्हारे किडे की बारात?"

पण त्यांनी कपाटातून चोविसची एक रुंद लेन्स काढून दिली. खोडाला जवळजवळ टेकेपर्यंत पुढे जाणारी, आणि तरी मागचं आभाळसुद्धा आत घेणारी. विकत देत नाही, वापरून परत आण, असं म्हणाले. आता ही पण तू परत आणशील, हे मला माहीत आहे, असंही म्हणाले.

या वेळी त्याला बाबांचा हात लागत होता. शालिकरामला त्याने बांधीत उतरवलं, कॅमेरा पाण्यापासून वीतभर वर धरला आणि धानाचं चूड, एका जागी रोवलेल्या रोपांचा झुबका, दोन्ही हातांनी फाकवायला सांगितलं. आधीचा राग दोघांच्याही मनात होता, त्यामुळे बोलणं कामापुरतं होतं.

"जरासं इकडे वळा. हां. हलू नका आता."

"कोनाले म्हणून राहिला? मले का किड्याले?"

"तुमालेच."

"कंबर मोडून राहिली गा माही."

फोटोत पुढे शालिकरामचा हात आला, नखांत माती, फाकवलेलं चूड, पाण्याची रेघ, आणि त्या रेघेच्या वर खोडावर बारीक तपकिरी ठिपके. नीट बघितलं तर ठिपक्यांना पाय होते. मागे हिरवं धान, धुरा, आणि कोपऱ्यात बापाचा वाकडा झालेला चेहरा. ऋषिकेशने तो फोटो बघितला आणि त्याचं मन खट्टू झालं. यात काहीच नव्हतं. उजेड सपाट, चौकट गर्दीची, डोळा कुठेही ठरत नाही. असा फोटो त्याने लग्नाच्या अल्बममधून काढून टाकला असता.

मॅडमनेही फोनवर तेच बोलून दाखवलं. "ऋषिकेशजी, हा तर मोबाइलवर पण निघाला असता. तुमचा तो डोळ्याचा फोटो किती सुंदर आहे. तोच राहू द्या ना मधोमध."

एक होकार, एवढंच हवं होतं. फोटो मधोमध राहिला असता, खाली नाव राहिलं असतं, आणि सोसायटीत जाणाऱ्या माणसाने तो टोळ समजून पुढचं वाचलं असतं. ऋषिकेशने फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. मग त्याने सांगितलं, हाताचा मोठा घ्या. डोळ्याचा कोपऱ्यात टाका, लहान. सांगताना त्याचा आवाज इतका त्रासिक होता की मॅडमला वाटलं त्यांचंच काही चुकलं.

दुसरा नमुना आला तेव्हा हलकं धान पिवळं पडायला लागलं होतं. ऋषिकेश तो घेऊन बांधीवर आला. शालिकराम कुहीच्या बाजारात गेला होता. धुऱ्यावर बसून ऋषिकेशने फ्लेक्स उलगडला. मधोमध बापाचा हात होता. कोपऱ्यात त्याचा तुडतुडा, पोस्टाच्या तिकिटाएवढा. आणि खाली, जिथे नाव होतं तिथे, संस्थेचा नवा दूरध्वनी क्रमांक बसवला होता. त्याचं नाव कुठेच नव्हतं. त्याने फ्लेक्स उलटूनही बघितला, जसं काही मागे छापलं असेल.

त्याने फोन काढला आणि मॅडमना लावला. लाइन व्यस्त. पुन्हा लावला. काय बोलायचं ते तो मनात जुळवत होता, आणि जुळवलेलं प्रत्येक वाक्य आधीच्यापेक्षा कडू होत होतं. तेवढ्यात कौशल्याकाकू धुऱ्यावरून आली आणि त्याच्या खांद्यावरून तक्त्याकडे बघू लागली. मागच्या वेळचं आठवून तो काही समजवायला गेला नाही.

"हा शालिकभाऊचा हात होय ना?"

"हो."

"अन् हे काय चिपकलं खाली? चहापत्तीवानी?"

ऋषिकेशने उत्तर देण्याआधीच ती वाकली, फोटोतल्या पाण्याच्या रेघेवर तिने बोट ठेवलं, आणि उठून स्वतःच्या बांधीकडे वळली. लुगड्याचा काष्टा वर खोचला, आत उतरली आणि एक चूड फाकवलं. मग पुढचं. मग तिथून चार पावलं आत जाऊन आणखी एक. वरून तिचं धान हिरवंगार होतं, भारी वाणाचं, अजून कापणीला वेळ असलेलं.

"ऋषी," तिने हाक मारली, "ये बरं इकडे."

तो फोन कानाला लावूनच गेला. चुडाच्या बुडाशी खोड दिसत नव्हतं, इतके होते. हात लागताच ते सगळे आडवे सरकून मागे गेले, आणि मागे जागा नव्हती म्हणून पुन्हा पुढे आले. फोनमध्ये घंटी वाजायला लागली. मग मॅडमचा आवाज आला, हॅलो, ऋषिकेशजी, बोला.

"अजून चट्टा नाई पडला," काकू म्हणाली. "किती दिवस आहेत मंग?"

"नाई सांगता येत. आधी बांधीतलं पाणी काढा लागते. मंग फवारणी, तीही बुडाशी."

"मंग उभा काहून आहे? फोनवर मंग बोलजो. फावडं आन शालिकभाऊच्या झोपडीतलं, धुरा फोडू."

मॅडम अजून हॅलो हॅलो म्हणत होत्या. नंतर करतो, असं म्हणून त्याने फोन खिशात टाकला आणि तो फावडं शोधायला गेला. झोपडीत फावडं नव्हतं. बाबा ते नेहमी कुठे तरी टाकून जातात, आणि मग ऐन वेळी कुणालाच सापडत नाही.